पाणाड्याला कोरडी जागा विचारा

प्रश्न असा आला आहे: "अंबड तालुक्यात आमची मोसंबीची चारशे झाडं आहेत. जुनी विहीर मार्चमध्ये तळ गाठते. तीन वर्षांत दोन बोअर मारले, दोन्ही फेल. पहिला पॉइंट पाणाड्यानं नारळ धरून काढला, दुसरा मशीनवाल्यानं मोबाइलवर रंगीत चित्र दाखवून. आता वडील म्हणतात, शेजारच्या गावातल्या पाणाड्याला आणू, त्याचा एकही पॉइंट आजवर फेल गेलेला नाही. आम्ही कुणी भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही. समोरच्याला खरंच कळतं की नाही, हे आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं?"

एकतीस वर्षं मी खडक आणि पाणी यांच्या मागं फिरलो, त्यातली बरीचशी मराठवाड्यात. या काळात शेतकरी मला जोखत आले आणि मी पाणाड्यांना जोखत आलो. परीक्षा देणारा माणूस कुठून निसटतो हे मला ठाऊक आहे, कारण मीही काही वेळा तिथूनच निसटलो आहे.

सुरुवात वडिलांच्या वाक्यापासून करू. "एकही पॉइंट फेल नाही."

समजा तुमच्या भागात डोळे मिटून कुठंही बोअर मारला तर दहापैकी सातांना थोडंफार पाणी लागतं. हा आकडा मी उदाहरणापुरता धरतो आहे. ओढ्याकाठी तो जास्त भरेल, माळावर बराच खाली येईल. आता तालुक्यात वीस पाणाडे आहेत आणि एकालाही काडीचं कळत नाही असं समजा. प्रत्येकानं पाच पॉइंट काढले. पाचही लागण्याची शक्यता एकेकाची सतरा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वीसांतले तीन-चार जण निव्वळ नशिबानं "पाचपैकी पाच" होतात. उरलेल्या सोळा-सतरा जणांची नावं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. पोचतात ते हे तीन-चार, कारण ज्याच्या रानात पाणी लागलं तो चावडीवर सांगतो आणि ज्याचे पैसे मातीत गेले तो गप्प बसतो. दोन बोअर फेल गेल्यावर तुम्ही किती पाहुण्यांना फोन करून सांगितलं?

त्यामुळं पाणाड्याच्या यशाची यादी त्याच्या तोंडून किंवा त्याच्या चाहत्याच्या तोंडून ऐकू नका. सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे बोअरच्या गाडीचा ऑपरेटर. तो सगळ्या पाणाड्यांच्या सगळ्या खुणांवर गाडी लावतो. पाणी लागो न लागो, त्याचे पैसे फुटावर ठरलेले असतात, म्हणून त्याला कुणाची बाजू घ्यायची गरज नसते. त्याला चहाला बसवून विचारा, "गेल्या उन्हाळ्यात याच्या किती खुणांवर गाडी लावली आणि किती ठिकाणी नुसता धुरळा निघाला?" त्याच्याकडून जे ऐकायला मिळतं ते जत्रेतल्या गप्पांहून फार वेगळं असतं.

दुसरी गोम "पाणी लागलं" या दोन शब्दांत आहे. ओल लागली तरी पाणी लागलं, फवारा उडाला तरी पाणी लागलं. ऑक्टोबरात लागलं आणि फेब्रुवारीत गेलं तरी पाणाड्याच्या वहीत ते लागलेलंच राहतं. "दोन इंच पाणी" हे तर मोठंच कोडं. व्ही-नॉच म्हणजे तिकोनी खाच असलेली पत्र्याची पाटी लावून मोजलं, तर एक इंच म्हणजे तासाला सुमारे पाचशे लिटर. दोन इंच म्हणजे हजार नव्हे, तर जवळजवळ दोन हजार नऊशे. तीन इंच म्हणजे आठ हजारांच्या घरात. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. पण गावात बरेच जण दोन इंची पाइप भरून चालला की त्यालाच दोन इंच पाणी म्हणतात. एकाच आकड्याचे दोन अर्थ असतील तर सांगणारा कधी खोटा ठरणार?

तुमची चारशे झाडं आहेत. उन्हाळ्यात भरल्या झाडाला दिवसाला शंभर लिटर धरलं तरी चाळीस हजार लिटर झाले. मोजलेल्या दोन इंचांवर त्यासाठी चौदा तास मोटर चालवावी लागेल, आणि बोअरनं तेवढे तास दम धरायला हवा. म्हणून "पाणी लागेल का?" असं कुणालाच विचारू नका. "मे महिन्यात सलग किती तास मोटर चालेल?" असं विचारा. या प्रश्नावर अर्धे जाणकार चप्पल शोधायला लागतात.

आता नारळाबद्दल, कारण वडिलांचा विश्वास त्यावर बसलेला दिसतो. नारळ तळहातावर आडवा ठेवतात, शेंडी बोटांकडे. माणूस रानातून चालतो आणि एका ठिकाणी नारळ उभा राहतो. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. बहुतेक पाणाडे ढोंगी नसतात हेही तितकंच खरं. नारळ आपण उभा करतो हे त्यांना स्वतःलाच कळत नाही. आडवा नारळ तळहातावर इतका नाजूक तोललेला असतो की पंजा जरासा आवळला तरी तो उठतो. उंबराची किंवा कडुनिंबाची दुबेळकी काठी दोन्ही मुठींत ताणून धरली की तिचंही असंच होतं. नकळत होणाऱ्या अशा हालचालींबद्दल इंग्लंडमध्ये विल्यम कार्पेंटर या वैद्यकानं १८५२ मध्ये लिहिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेनं प्रयोग करून दाखवलं की भुताटकीच्या बैठकांत फिरणारं टेबल बसलेल्यांचेच हात ढकलत असतात, आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

पाण्यावरचा मोठा प्रयोग जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये झाला. एका दुमजली कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप हवा तिथं सरकवता येईल असा ठेवला आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यांना चालायला लावलं. सुमारे पाचशे जणांतून सर्वांत आश्वासक वाटलेले त्रेचाळीस निवडले आणि त्यांच्या आठशे त्रेचाळीस चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं पडलं की बहुतेकांना काही जमलं नाही, पण मोजक्या काही जणांत खरी शक्ती दिसते. पुढं जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले. एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत तसा चमकत नव्हता. म्हणजे हे आपले तालुक्यातले "पाचपैकी पाच"वालेच, फक्त जर्मन.

हे वाचून वडिलांना "बघा, सगळी थोतांडं" असं ऐकवायला जाऊ नका. एक तर ते ऐकणार नाहीत. आणि गोष्ट इतकी सरळही नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा जालन्याकडच्या एका गावात एक म्हातारा पाणी बघायचा. सगळे त्याला आबा म्हणत. तरुणपणी तो विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. सुरुंग लावणं, दगड वर काढणं, दिवसचे दिवस विहिरीच्या पोटात राहणं, यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली होती. शेतात शिरल्याबरोबर तो काठी काढत नसे. आधी बांधाबांधानं फिरे. शेजाऱ्याच्या विहिरीच्या काठावर पडलेला दगड उचलून बघे, ओढ्याच्या कडेला जाऊन दरडीत कुठला थर उघडा पडलाय ते बघे, शेजारच्या विहिरीत खडा टाकून कान देई. वाटेत जांभूळ, उंबर, जुनं वारूळ दिसलं तर थबके. हे सगळं झाल्यावर काठी. ती कुठं वाकणार हे मला तोवर समजलेलं असायचं, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही त्याच पट्ट्यात खुंटी ठोकली असती.

एकदा मी त्याला विचारलं, "आबा, काठी कशाला लागते तुम्हाला?" म्हणाला, "साहेब, काठी नाही फिरवली तर लोक म्हणतात, नुसता फिरून गेला. पैसे कशाचे द्यायचे?"

झाडं आणि वारूळ पाहण्याची रीत फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त जमिनीतल्या पाण्यावर 'दकार्गल' नावाचा एक आख्खा अध्याय आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं त्यात येतं. आपल्याकडे अजून विहिरीची खोली परसांत सांगतात, तो परस म्हणजे हाच पुरुष, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीएवढं माप. यातलं सगळंच टिकतं असं नाही, पण वर्षभर हिरवं राहणारं उंबर वरच्या थरात ओल असल्याचं सांगतं, यात मला शंका नाही. मात्र ते सांगतं दोन-चार परसांपुरतं. त्याच उंबराच्या भरवशावर आज कुणी पाचशे फूट खाली जायला सांगत असेल, तर वराहमिहिराचा त्याच्याशी संबंध नाही.

(लहानपणी आमच्या आळीत एक पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, मुलगा होता. पायाळूला जमिनीखालचं पाणी आणि धन दिसतं म्हणत, म्हणून त्याला विहिरीच्या जागेसाठी धरून नेत. त्याच पायाळूवर वीज पडते, असंही म्हणत. त्यामुळं पावसाळ्यात त्याला घराबाहेर सोडत नसत. बिचाऱ्याला दोन्हीकडून ताप.)

आबाला कळत होतं. पण लोक त्याला ज्या कारणासाठी मानत होते, त्या कारणानं कळत नव्हतं. लोक काठीकडे बघायचे, त्याचं ज्ञान होतं डोळ्यांत आणि आयुष्यभर फोडलेल्या दगडांत. तुम्ही विचारता तसं ओळखायला बसलो की आपली पहिली चूक इथं होते. जे डोळ्यांत भरतं तेच आपण मोजतो. जास्त वय, ठाम बोलणं, झटपट खूण करणं, पांढरी गाडी, बिदागीचा मोठा आकडा. दहा मिनिटांत "इथं मारा, एकशे साठ फुटांवर तीन इंच" म्हणणारा आपल्याला जाणकार वाटतो. अर्धा दिवस फिरून "साठ ते नव्वदच्या दरम्यान लागण्याची बरीच शक्यता आहे, त्याखाली मला फार आशा नाही" म्हणणारा कच्चा वाटतो. आपल्या खडकात मात्र दुसराच खरं बोलत असण्याची शक्यता जास्त.

खडकाबद्दल थोडं सांगतो, नाहीतर हे पटणार नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा फोडांसारख्या पोकळ्यांचा, खालचा भाग घट्ट. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखी तांबडी माती सापडते, ती बोअरवाल्यांना चांगली ओळखीची. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या आणि तडकलेल्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात पाणी नाही. "जमिनीखालून नदी वाहते" असं पाणाडे सांगतात, तशी नदी आपल्याकडे नाही. स्पंज म्हणावा तर तोही नाही, कारण शंभर घनमीटर खडक निथळला तर त्यातून एक ते तीन घनमीटर पाणी मिळतं. आणि बहुतेक पाणी वरच्या शंभर फुटांत. खाली एखादी फट लागली तर बोअरवाला "गॅप लागला" म्हणून ओरडतो आणि पाणी उसळतं. पण त्या फटीला वरून पुरवठा नसेल तर पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच ती रिकामी होते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं खोल विहीर म्हणजे ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढची, असं ठरवून तिच्यावर बंधन घातलं ते उगाच नाही.

सगळीकडे असं नसतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या गाळात जवळपास कुठंही खणलं तरी पाणी लागतं. तिथला पाणाडा कधीच फेल जात नाही. पाणी खारं निघतं, एवढंच.

आता मशीनवाला. यात माझे व्यवसायबंधू येतात, म्हणून जरा जपून बोलतो, पण बोलतो. जमिनीत चार खुंट्या ठोकून वीज सोडायची आणि खडक तिला किती अडवतो हे मोजायचं, ही खरी आणि जुनी पद्धत आहे. ओला, झिजलेला खडक कमी अडवतो, घट्ट पाषाण जास्त. अडचण अशी की चिकण मातीही कमी अडवते आणि खारं पाणी तर त्याहून कमी. मीटर आकडा दाखवतो, तो आकडा पाण्याचा की मातीचा हे मीटरला ठाऊक नसतं. ते आजूबाजूच्या विहिरी पाहिलेल्या माणसानं ठरवायचं. आता तर मोबाइलवर निळ्या-लाल रंगाचं चित्र उमटवणारी यंत्रं आली आहेत. निळं दिसलं की पाणी! ज्यानं शेजारच्या एकाही विहिरीत डोकावून न बघता निळ्या ठिपक्यावर चुना टाकला, त्याचं यंत्र म्हणजे चार्जिंगचा नारळ. यंत्र खरं असू शकतं, पण ते वाचणाऱ्याला येतं का, हा प्रश्न तसाच राहतो. कॉलेजची पदवीही याच जातीची. पदवी असलेला मी किती चुकलो ते पुढं सांगतो.

सामान्य माणसं जाणकाराला कशी जोखतात, याचा सगळ्यात हुशार नमुना मला एका शेतकऱ्यानंच दाखवला. त्याच्या रानात दोन वर्षांपूर्वीचा एक फेल बोअर होता. तोंडावर फरशी ठेवून त्यानं वर कडब्याची गंज रचली होती. मग लांबच्या गावांतले तीन पाणाडे वेगवेगळ्या दिवशी बोलावले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. त्यातल्या एकाचा नारळ गंजीच्या कडेला उभा राहिला, फेल बोअरपासून चार-पाच फुटांवर. "अडीच इंच," म्हणाला. शेतकऱ्यानं चहा पाजून त्याला वाटेला लावलं. चौथा मी. मी दिवसभर मीटर लावून खुंटी ठोकली ती गंजीपासून तीसेक फुटांवर. त्यानं कडबा बाजूला केला आणि फरशी दाखवली. फट कधी कधी दहा फुटांतही हुकते हे खरं आहे, आणि मी तसं म्हणालोही. पण म्हणताना माझ्याच लक्षात आलं, पाणाडा नेमकं हेच म्हणतो: "झरा फुटभर बाजूनं गेला." फेल गेल्यावर प्रत्येकाकडे एक वाक्य तयार असतं. गाडीवाल्यानं ओळंबा साधला नाही, नारळ फोडला नाही, घरात कुणाचा विटाळ होता (हे ऐकून त्या घरच्या बाईला दिवसभर बोलणी खाताना मी पाहिलं आहे), आणि आमच्याकडचं वाक्य म्हणजे "खडक एकसारखा नाही, साहेब."

त्या शेतकऱ्याची युक्ती एवढीच होती की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे आणि समोरच्याला नाही, तेच विचारायचं. त्यासाठी भूगर्भशास्त्र लागत नाही. तुमच्याकडे तर दोन फेल बोअर आणि एक विहीर आहे. विहीर किती परसांवर कोणत्या थरात संपते, पाणी कुठल्या बाजूनं पाझरतं, मार्चमध्ये किती उरतं, हे तुम्हाला पाठ आहे. नवा माणूस आला की विहीर दाखवायच्या आधी त्याला शेत फिरू द्या आणि विचारा, "इथं विहीर असती तर पाणी कितीवर लागलं असतं? कुठल्या महिन्यापर्यंत टिकलं असतं?" जो "आधी आसपासच्या विहिरी दाखवा, मग सांगतो" म्हणेल त्याला नापास करू नका. तसं म्हणणं हे बहुधा कळत असल्याचंच लक्षण.

त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यात प्रिय आहे, आणि तो कुणीच विचारत नाही. "या शेतात कोरडी जागा कुठं आहे? जिथं बोअर मारला तर हमखास धुरळा निघेल, अशी एक जागा दाखवा." पाणी आहे म्हणणं सोपं, कारण थोडं पाणी बऱ्याच ठिकाणी असतं. नाही म्हणायला मात्र थर ठाऊक असावे लागतात. नारळ कोरड्या जागेवर काय करतो? काहीच नाही, आडवा पडून राहतो, आणि तुमचं नव्वद टक्के शेत तो आडवाच पडून ओलांडतो. म्हणजे त्याच्या मते ते सगळं कोरडं. मग त्याच शेताच्या मधोमध तुमची विहीर पाणी कशी देते, हे विचारून बघा. आबाला मी हा प्रश्न विचारला होता. त्यानं लगेच वरच्या माळाकडे बोट केलं. "तिथं अंगठ्याएवढाही मुरूम नाही, खाली सगळा शिसवी पाषाण. तिथं मी कुणाला खूण करून देत नाही, पैसे दिले तरी." तो काही शेतांतून पैसे न घेता परत जायचा. पाणाडा किती ठिकाणी "नाही" म्हणून परत आला, हे त्याच्या गावात विचारा. एकदाही नसेल, तर मी त्याला बोलावणार नाही.

बोअर मारायचं ठरलंच, तर गाडी यायच्या आधी एका कागदावर त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या: साधारण किती फुटांपर्यंत मुरूम, कुठं पाषाण, पाणी किती ते किती फुटांच्या दरम्यान, आणि पाणी नाही लागलं तर कितीवर थांबायचं. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री दोन वाजता दोनशे फुटांवर कोरडी भुकटी उडत असते, गाडीवाला म्हणतो अजून पन्नास मारू, पाणाडा म्हणतो आता लागेलच, आणि खर्च तर आधीच झालेला असतो. अशा वेळी माणूस पाचशेपर्यंत जातो. आधी कागदावर आकडा असेल तर थांबायला धीर येतो. कागद मागितल्यावर जो रागावतो त्याचं उत्तर तिथंच मिळालं. अडाणी असणं आड येत नाही, आबालाही लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा आणि मी लिहून घ्यायचो.

बिदागीबद्दल बरेच जण विचारतात. "पाणी लागलं तरच पैसे" म्हणणारा जास्त भरवशाचा का? थोडा. पण त्याचं गणितही पाहा. त्याचं जाणार काहीच नाही, फार तर एक फेरी. फेल गेला तर नुकसान तुमचं, लागला तर पैसे त्याचे. डोळे मिटून खुणा केल्या तरी त्याचं पोट भरतं. यापेक्षा गाडी चालू असताना शेवटपर्यंत उभा राहणारा माणूस मला आवडतो. दर रॉडला, म्हणजे गाडीचा एकेक पाइप खाली गेला की, भुकटी मुठीत घेऊन बघणारा, रंग बदलला की सांगणारा. खूण करून निघून जाणाऱ्याला आपण बरोबर होतो की चूक, हे कधी कळतच नाही. आणि ज्याला आपली चूक कळत नाही, तो तीस वर्षांनीही पहिल्या वर्षाएवढाच शिकलेला असतो.

माझी चूक सांगायची राहिली. परतूरकडच्या एका वस्तीवर मी हातपंपाची जागा काढली. ओढा जवळ, आजूबाजूच्या विहिरी बऱ्या, मीटरचे आकडे सुंदर. मी चारचौघांत म्हणालो, "इथं नाही लागलं तर कुठं लागेल?" दोनशे फूट कोरडं निघालं. वर काळ्या चिकण मातीचा जाड थर होता आणि माझे सुंदर आकडे त्या मातीचे होते. ओढ्याच्या दरडीत ती माती उघडी दिसत होती. उन्हाचा कंटाळा करून मी तिथवर गेलो नव्हतो. तिथल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "तुमच्या घरी नळाला पाणी येतं का, बाबा?" येतं म्हणालो. ती पुढं काही बोलली नाही. त्यानंतर मी दरड बघितल्याशिवाय खुंटी ठोकली नाही.

आता तुमचा तिसरा बोअर. वडिलांना पाणाडा आणायचा असेल तर आणू द्या. त्याला विहीर आणि कोरडी जागा, हे दोन प्रश्न विचारा, आणि तेही वडिलांनीच विचारावेत. तुम्ही विचारलेत तर ते भांडण वाटेल. त्याआधी एक काम करा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत, चार हजारांच्या आसपास. त्यांची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजतात. जालन्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे गेल्या काही वर्षांचे आकडे मागा. मे महिन्यातली पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर पाणाडा बदलून उपयोग नाही. मग खर्च पुनर्भरणावर आणि झाडांच्या आच्छादनावर करावा लागेल.

शिवाय विहीर मार्चपर्यंत चालते, म्हणजे वरच्या थरात पाणी आहे. बोअरऐवजी विहिरीतून ओढ्याच्या दिशेनं आडवे बोअर घेणं किंवा गाळ काढून परसभर खोल करणं स्वस्तात पडतं का, हे आधी तपासा. त्यासाठी मला एक गोष्ट कळायला हवी. दोन्ही फेल बोअरची भुकटी बांधाला पडलेली असेल. पावसानं पार वाहून गेली नसेल तर प्रत्येक रंगाची मूठ-मूठभर वेगळ्या पिशवीत भरा, कुठल्या बोअरची ते पिशवीवर लिहा आणि तांबडी माती कुठं दिसते का ते बघा. ऑपरेटरचा फोन असेल तर ती कितव्या रॉडला निघाली हे त्याला आठवतं का, तेवढं विचारून कळवा.